नीतीची दोन मापे

सार्वजनिक व्यक्तीच्या गैरवर्तनाचा निवाडा करताना लोक नियम आधी पाहतात की पक्ष, याचे बोलके उत्तर अमेरिकेतील 'पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट'च्या सर्वेक्षणांत सापडते. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्ये सचोटीने पार पाडू शकतो, असे २०११ मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलप्रामाण्य मानणाऱ्या, प्रोटेस्टंटांपैकी ३० टक्क्यांना वाटत होते. २०१६ मध्ये, त्यांच्यातील बहुसंख्य डोनाल्ड ट्रम्प यांच्या पाठीशी असताना, हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले.

मानसशास्त्रज्ञ झिव्हा कुंडा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या 'प्रेरित तर्क' या संकल्पनेनुसार, माणूस हव्या त्या निष्कर्षाकडे झुकतो खरा, पण तो स्वतःला पटेल अशी कारणे जुळवता आली तरच. म्हणून आपल्या नेत्यासाठी पुराव्याची अट कडक होते, विरोधकासाठी मात्र संशयही पुरतो. ही प्रवृत्ती एकाच पक्षाची नाही, कारण २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ड्र्यू वेस्टन व सहकाऱ्यांनी केलेल्या मेंदू-प्रतिमांकनाच्या प्रयोगात रिपब्लिकन उमेदवार बुश आणि डेमोक्रॅटिक उमेदवार केरी या दोघांच्याही कट्टर समर्थकांना प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्यातील विसंगती ठळक दिसली, तर आपल्या उमेदवाराची सौम्य वाटली. त्यामुळे आरोप ऐकताना पक्षाचे नाव मनातल्या मनात बदलून निर्णय तोच राहतो का, हे तपासणे ही नागरिकाला सहज करता येण्याजोगी कसोटी ठरते.