स्वीट, पण साखरेविना

मूळ एकच

इंग्रजीतला ‘स्वीट’ आणि आपला ‘स्वाद’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले. संस्कृत ‘स्वादु’लाही गोड आणि रुचकर असे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हा ‘स्वीट’ म्हटले की साखर असेलच असे नाही.

काय नाही, ते सांगणारा

धंद्याच्या भाषेत हा शब्द बहुतेक वेळा एखादी नकोशी गोष्ट नाही, एवढेच सांगतो. स्वीट वॉटर म्हणजे आपले गोडे पाणी. त्यात खारेपणा नाही, इतकेच. आंबट माती चुना घालून गोड करतात, म्हणजे तिची आम्लता मारतात.

खरी गंमत खनिज तेलात आहे. कच्च्या तेलात गंधक साधारण ०.५ टक्क्याहून कमी असेल तर ते ‘स्वीट क्रूड’, जास्त असेल तर ‘सावर’, म्हणजे आंबट. पूर्वी तेल शोधणारे थेंबभर जिभेवर ठेवून पारख करत, असे सांगतात. (आपले गोडे तेल तरी कुठे गोड लागते!) गंधक काढायचा खर्च वाचतो, म्हणून स्वीट तेलाला सहसा भाव जास्त. ब्रेंट नावाचे तेल स्वीट, दुबईचे सावर. भारत ज्या ‘इंडियन बास्केट’वरून आयात तेलाचा भाव पाहतो, तीत दोन्ही येतात.

१९७४ साली अरबी समुद्रात सापडलेल्या मुंबई हायचे तेल स्वीट. त्याच समुद्रातल्या, वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातला वायू मात्र आंबट. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तोच कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. समुद्राखालच्या नळांतून हा वायू गुजरातेत हजिरा इथे पोचतो आणि तिथे रासायनिक द्रावणाने धुऊन ‘गोड’ केला जातो. या कामाला ‘स्वीटनिंग’च म्हणतात.

मेनूकार्डावर सावध

परदेशी हॉटेलात ‘स्वीटब्रेड’ मागवाल तर गोड पाव मिळणार नाही; वासराची किंवा कोकराची ग्रंथी शिजून येईल. उलट ‘स्वीटमीट’ म्हणजे चक्क मिठाई, कारण जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. ‘स्वीट पी’ हा वाटाणा नव्हेच. ती सुवासिक फुलांची वेल, आणि तिच्या बिया विषारी.

बॅट

बॅटच्या ‘स्वीट स्पॉट’वर चेंडू बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सुटतो. इथेही सुख आहे ते धक्का न बसण्याचे.

माणसे

‘सो स्वीट’ आता मराठी घरांतही दिवसातून दहादा ऐकू येते, त्याबद्दल काय बोलायचे? ‘स्वीटहार्ट डील’ मात्र जपून वाचावे: त्यात दोघांनी आपसांत जमवून घेतलेले असते आणि भुर्दंड तिसऱ्याला पडतो. आणि कोणी ‘टेक युअर ओन स्वीट टाइम’ म्हणाले, तर ते सवलत देत नाहीत, वैतागले आहेत.