इंजिनकाम करायचं की इंजिन बदलायचं? झिजलेल्या ट्रकचा हिशेब

आजचा विषय असा आहे की पोळा झाला की परभणी जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गॅरेजात तो निघतोच. दसऱ्याला मानवत-सेलूकडे कापूस सुरू होणार, दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागात उसाचा हंगाम लागणार, आणि नेमकी गाडी धूर मारते, ऑइल खाते, चढावर दम टाकते. मालक येऊन विचारतो, "इंजिनकाम करू की इंजिनच बदलू?" आम्ही गॅरेजवाले. हा प्रश्न आम्ही खूप वेळा ऐकला आहे, आणि खूप वेळा घाईने उत्तर दिलं आहे. म्हणून सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

जिंतूर रस्त्याला खडी वाहणारी एक गाडी आमच्याकडे आली होती. बॅक कॉम्प्रेशन भरपूर, ऑइलची टोपी काढली की इंजिनाच्या भट्टीसारखा धूर. आम्ही फुल इंजिनकाम केलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, सगळं नवं. गाडी खणखणीत निघाली. पाच महिन्यांत परत आली, तसाच धूर. खोललं तर वरच्या रिंगा पत्र्यासारख्या पातळ झालेल्या. मग शोधत शोधत एअर क्लीनरच्या पुढच्या रबरी होसपाशी पोचलो. क्लिपच्या खालच्या बाजूला तो चिरला होता, वाकून हात घातल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. पाच महिने इंजिन खडीच्या खाणीतली धूळ सरळ ओढत होतं. पहिल्या वेळी जुना होस पुसून तसाच बसवला होता, आम्हीच. दुसऱ्या वेळची मजुरी आम्ही घेतली नाही, पण सामान मालकालाच आणावं लागलं. ऐन कामाच्या दिवसांत तीन आठवडे गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

आता विचार करा, त्या दिवशी आम्ही इंजिनकामाऐवजी शोरूमचं नवंकोरं इंजिन बसवलं असतं तर? तेही पाच महिन्यांतच गेलं असतं. म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं की दुरुस्ती की बदल हा दुसरा प्रश्न आहे. इंजिन कशाने गेलं, हा पहिला.

आपल्या भागात इंजिनं मारणारी तीन कारणं आम्हाला वारंवार दिसतात. एक धूळ, ती सांगितली. तपास सोपा आहे. फिल्टरच्या पुढचा पाइप काढा आणि आत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला माती लागली तर चोर सापडला. टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या असतील तर तीही तीच साक्ष. खोलल्यावर वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग जास्त झिजलेला दिसतो. उलट बेअरिंग आणि खालच्या रिंगा जास्त गेल्या असतील, तर घाण हवेतून नाही, ऑइलमधून फिरली असं समजायचं.

दुसरं कारण पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये आणि लायनरच्या बाहेरून बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, वर भरलेली गाडी. आतला एखादा सिलिंडर तापतो, लायनर गोल राहत नाही, रिंगांचा ताण जातो. ज्या इंजिनात लायनरला पाणी थेट लागतं, त्यात कूलंट नसेल तर लायनरला बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि एके दिवशी पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंटचा खर्च वाचवून इंजिन घालवलेले मालक आम्ही मोजायचं सोडून दिलं आहे.

तिसरं कारण सांगताना थोडं अवघड वाटतं, कारण ते आमच्याच जमातीचं आहे. गाडी तापते म्हटलं की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. मालक खूश, काटा खाली आला! पण डिझेल इंजिनाला ठरावीक गरमी लागतेच. ते गार चाललं की डिझेल नीट जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइल पातळ करतं, आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेने फिरतं आणि इंजिन जास्तच तापतं. तापण्याचं कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर, ढिला पट्टा किंवा झिजलेला वॉटर पंप असतो.

कारणाचा शोध लागला की मग बघायचं, इंजिन खरंच गेलंय का. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या असं सगळे म्हणतात, पण टर्बोचं सील गळलं तरी निळाच धूर येतो. आणि ऑइल खाणारी ट्रकमधली आणखी एक जागा आहे, ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. तो झिजला की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं. एअर टाकीचा ड्रेन उघडा. ओंजळभर काळं ऑइल बाहेर आलं तर आधी कॉम्प्रेसर बघा. काळा धूर आणि कमी ताकद हा बऱ्याचदा नोझलचा, पंपाचा किंवा चोंदलेल्या फिल्टरचा दोष असतो, त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही.

त्यातून शंका उरली तर आमची आवडती चाचणी करा. एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, इंजिन फिरणार नाही अशी पक्की सोय करायची, आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. ब्रीदरमधून सुसाट आवाज आला तर रिंगा आणि लायनर. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर क्लीनरच्या बाजूने आला तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. सहापैकी एकाच सिलिंडरमध्ये वॉल्व्ह गळत असेल तर हेडच्या कामावर भागतं. हे न बघता फुल इंजिनकाम सांगणारा मिस्त्री आणि फुल इंजिनकाम मागणारा मालक, दोघेही आम्हाला सारखेच वाटतात.

आता पैशाकडे येऊ. पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा गाडी महिन्याला ५,००० किलोमीटर चालते. इंजिन चांगलं असताना लिटरला ४ किलोमीटर द्यायची, म्हणजे १,२५० लिटर डिझेल. आता ३.६ देते, म्हणजे जवळपास १,३८९ लिटर. १३९ लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला साडेबारा हजार. ऑइल २५० किलोमीटरला एक लिटर खातं, म्हणजे महिन्याला २० लिटर. त्यातलं १८ लिटर नाहक, ३०० रुपयांनी ५,४००. एकूण अठरा हजारांच्या आसपास. मजा बघा, मालक ऑइलच्या डब्याकडे बघून हळहळतो, कारण डबा डोळ्यांसमोर रिकामा होतो. डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त जातं, ते दिसत नाही. इंजिनकामाला समजा एक लाख ऐंशी हजार लागले, तर ते दहा महिन्यांत वसूल होतात. पण गाडी महिन्याला दीड हजारच किलोमीटर चालत असेल, गावातल्या गावात सिमेंट-खत टाकत असेल, तर तेच पैसे वसूल व्हायला तेहेतीस महिने लागतील. तिथे ऑइल टाकत चालवणं हाही हिशेबाने बरोबर निर्णय असू शकतो, फक्त ऑइल प्रेशर शाबूत हवं. गरम इंजिनाचं, आयडलवरचं प्रेशर पडलं असेल तर बेअरिंगची तक्रार आहे. तिथे वाट बघायची नाही, कारण क्रँक गेली की खर्चाचं गणितच बदलतं.

इंजिन खोलल्यावर निर्णय दोन गोष्टींवर येऊन थांबतो, ब्लॉक आणि क्रँक. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजून घ्या. क्रँकला आधी ग्राइंडिंग झालंय का बघा. पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा तिच्या पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवर असेल तर क्रँक नवी. त्यात ब्लॉकला चीर निघाली, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून तयार इंजिनाचा भाव काढायचा. म्हणून लेथवाल्याशी आणि मिस्त्रीशी दोन टप्प्यांत बोला. खोलायचे आणि मोजायचे किती, आणि मोजल्यावर पुढचं किती. अगोदरच एकरकमी आकडा ठरवला की आत काय निघालं यावर दोन्हीकडून वाद होतात.

जुनी इंजिनं या बाबतीत दयाळू होती. टाटाचं ६९७ घ्या, नावातच हिशेब आहे, सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला, त्या घराण्यातलं हे इंजिन. तालुक्याच्या गावीसुद्धा त्याचं काम होत आलं आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं तसं नाही. तिथे सेन्सर, कॉमन रेल, धुराची जाळी, युरियाची टाकी. ऑइल खाणारं इंजिन ती जाळीही खराब करतं, म्हणून अशा गाडीत ऑइल टाकत चालवणं महागात पडतं.

तयार इंजिनाचे दोन प्रकार. एक कंपनीचं रिकंडिशन इंजिन. टाटा मोटर्सची प्रोलाइफ नावाची योजना आहे, जुनं द्यायचं आणि दुरुस्त केलेलं वॉरंटीसह घ्यायचं. एसटीच्या कार्यशाळांत हेच तत्त्व आहे. बस आपल्याच इंजिनाची वाट बघत बसत नाही, तयार इंजिन बसतं आणि उतरलेलं दुरुस्तीला जातं. महाग वाटतं, पण हंगामात पंधरा दिवस गाडी उभी राहण्याचा तोटा त्यात मिळवून बघा. दुसरा प्रकार कटाई बाजारातलं सेकंडहँड इंजिन. ते घेणारा दुसऱ्याच्या गाडीचा इतिहास विकत घेतो आणि तो कोणी लिहून देत नाही. घ्यायचंच तर चालू अवस्थेत, गरम करून, बॅक कॉम्प्रेशन बघून. आणि कागद! इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. बदललं की आरटीओत नोंद करून घ्या. नाहीतर फिटनेसला, विम्याच्या दाव्याला आणि गाडी विकताना अडकाल.

एका दादांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे. गाडी एमएच २२, वय चौदा वर्षं, ऊस आणि कापसाच्या गाठी, इंजिन धूर मारतं, काय करू? दादा, आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी असते हे तुम्हाला माहीतच आहे. केंद्राच्या नियमांत १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी बरीच वाढली, म्हणजे पुढच्या वर्षापासून तो खर्च तुमच्या मागे आहे. चेसिस, केबिन, गिअरबॉक्स, डिफ्रन्स चांगले असतील आणि अजून तीन-चार हंगाम हीच गाडी चालवणार असाल, तर इंजिनकाम करा, पण नवं इंजिन या गाडीत घालू नका. विकायचा विचार असेल तर इंजिनकाम करून विकू नका, घेणारा त्या खर्चाचा निम्मा पैसाही देत नाही. आणि काहीही ठरवण्याआधी, उद्या सकाळी एअर टाकीचा ड्रेन उघडा आणि फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवा. काय निघालं ते आम्हाला कळवा, मग पुढचं बोलू.