डिस्क वॉरंटीत बसते का?

ब्रेक दाबताच लिव्हर बोटांना ठोके देत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा ती वाकली आहे, असं समजा. बालाघाट-बैहर रस्त्यावर, घाटाच्या उतारावर हे लगेच जाणवतं. सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तर असतं, ‘डिस्क घासणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही.’ झीज वॉरंटीत नसते हे खरं. पण गाडी कुठे पडली-धडकली नसताना वाकलेली डिस्क म्हणजे झीज नव्हे. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मेकॅनिकला जाडी मोजायला मायक्रोमीटर आणि वाक पाहायला डायल गेज लावायला सांगा. जाडी शिल्लक आहे आणि डायल गेजचा काटा मर्यादेबाहेर हलतोय, तर तुमची बाजू भक्कम. दोन्ही आकडे आणि किलोमीटर जॉबकार्डवर लिहून घ्याच. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही.

दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. गाडी गोंदियाच्या शोरूममधून घेतलेली असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बालाघाटच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.