चौथ्या पडद्याच्या अलीकडचा गंधार

भावगीतांच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. गाणाऱ्या बाईंचा स्वर पांढरी सहा, मागे मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी आणि माझ्या खांद्यावर बेस गिटार. एका ओळीच्या शेवटी मला गंधारावर दोन मात्रा थांबायचं होतं, थांबलो. बाईंनी गाता गाताच माझ्याकडे पाहिलं. ओळ संपल्यावर म्हणाल्या, "अरे, तुझा गंधार चढा लागतोय."

मी ट्यूनर लावला. काटा बरोबर मध्यावर. बाई म्हणाल्या, "ते यंत्र ठेव बाजूला. नुसता तंबोरा ऐक." सगळे थांबले. खर्जाची तार छेडली गेली आणि तिच्या गुंजनातून, कुणीही न वाजवलेला गंधार हळूहळू वर आला. स्वयंभू गंधार. त्यावर मी माझा चौथा पडदा वाजवला, तर दोन सुरांत सरळ हेलकावे ऐकू यायला लागले. वीस वर्षं बेस वाजवत होतो, आणि हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

घरी येऊन हिशेब मांडला. पांढरी सहाच्या त्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला ११० कंपनांचा. त्याची पाचपट ५५०, तोच स्वयंभू गंधार. बेसच्या पांढरी सहाच्या तारेवर चौथ्या पडद्याचा सूर ६९.३ कंपनांचा, त्याची आठपट ५५४.४. म्हणजे सेकंदाला चारपेक्षा थोडे जास्त हेलकावे. बाईंच्या कानाने तेवढं नेमकं पकडलं होतं.

मग टेप घेऊन गिटारच मोजली. नेहमीच्या बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. पडदे बसवताना सप्तकाचे १२ समान भाग करतात, त्यामुळे पहिला पडदा ४८.५ मिलिमीटरवर येतो आणि चौथा १७८.२ वर. पण तंबोऱ्यातला गंधार तारेच्या पाचव्या भागावर असतो, १७२.७ मिलिमीटरवर. मध्ये साडेपाच मिलिमीटर! करंगळीच्या नखाच्या अर्ध्याएवढं अंतर. पंचमाच्या बाबतीत हाच फरक पाऊण मिलिमीटरही भरत नाही, म्हणून पंचमावर कुणी मला कधी टोकलं नव्हतं.

मी विश्रामबागेत राहतो. पश्चिमेला सांगली, पूर्वेला मिरज, आणि मध्ये विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांनी वसवल्यासारखा आमचा भाग. ज्या साडेपाच मिलिमीटरांनी माझी झोप उडवली, त्यांच्यावर याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्याची उमेद लावली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. २२ श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली आलं. श्रुतींची मापं ठरवताना त्यांच्यासाठी गळा लावला तो अब्दुल करीम खाँसाहेबांनी. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशालाही या विषयाने झपाटलं, आणि समान भागांच्या पेटीत न बसणारे स्वर वाजावेत म्हणून श्रुतींची वेगळी पेटी तयार करून घेण्यापर्यंत गोष्ट गेली. ती पेटी घरोघर गेली नाही. पण देवलांचा प्रश्न मला माझ्या गिटारच्या दांडीवर जसाच्या तसा सापडला. खाँसाहेब पुढे मिरजेतच राहिले. १९३७ साली ते गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे आजही गवई हजेरी लावतात.

ज्या वाद्यावर हे पडदे आहेत त्याचा जन्म मात्र फार दूरचा. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. स्वतः फेंडरना गिटार वाजवता येत नसे. त्याआधी वाद्यवृंदात बेस म्हणजे माणसाएवढा उंच, उभा डबल बेस. त्याला पडदे नसत, सूर कानाने शोधावा लागे, आणि ट्रंपेट-ड्रमच्या गलबल्यात तो ऐकूही जाईना. फेंडरनी तो आडवा केला, गळ्यात अडकवला, विजेला जोडला आणि दांडीवर पडदे ठोकले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडद्यांचा विजेवरचा बेस केला होता, पण तो चालला नाही. जगभर पसरला तो फेंडरचा. त्याच्या चार तारा आपल्या भाषेत सांगायच्या तर जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१.२ कंपनांची, काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्जही हिच्यापेक्षा बराच वर राहतो.

बाजारात मिळणारी वाद्यं मला नावडती नाहीत. पण त्या तालमीनंतर ठरवलं की बिनपडद्याचा बेस स्वतःच्या हाताने करायचा. बेसवादक जाको पॅस्टोरियस यांनी सत्तरच्या दशकात फेंडरच्या जॅझ बेसचे पडदे उपसून काढले, खाचा बुजवल्या, वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी फासलं, आणि बेसवर मींड काढून दाखवली. मला हवी होती ती मींडच.

बॉडीसाठी जुना सागवान घेतला. पाडलेल्या वाड्याची तुळई वखारीत पडून होती, ती ४५ मिलिमीटरला रंधून घेतली. सागवानात तेल असतं, फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून जोडण्याआधी दोन्ही अंगं थिनरने पुसावी लागतात. हे कुठे वाचलं नव्हतं, एक जोड उकलल्यावर समजलं. फिंगरबोर्डला शिसव. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते: जगातल्या असंख्य गिटारींच्या दांडीवर जे 'इंडियन रोझवुड' असतं ते आपल्या सह्याद्रीत वाढणारं शिसव. २०१७ साली शिसवाच्या साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली, तेव्हा जगभरचे वाद्यकार हवालदिल झाले. २०१९ अखेर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मी माझी पट्टी सुताराकडे उरलेल्या जुन्या पलंगाच्या शिसवातून काढली.

दांडी मात्र पहिल्या वेळी फसली. एका वखारीतून "पूर्ण सुकलेलं" म्हणून लाकूड आणलं, उन्हाळ्यात दांडी कोरली, तारा चढवल्या. चार तारांचा मिळून ओढा सुमारे ७५ ते ८० किलो, एक मोठा माणूस रात्रंदिवस दांडीला लटकल्यासारखा. आत पोलादी ट्रस रॉड होता, तो कमान सरळ करतो, पण पीळ सरळ करू शकत नाही. मृग बरसला आणि महिन्याभरात दांडीला पीळ पडला. टोकाकडून डोळा लावून पाहिलं की ती सरळ पिळवटलेली दिसायची.

ती दांडी घेऊन मी मिरजेला गेलो. सतारमेकर गल्ली घरापासून स्कूटरवर जेमतेम वीस मिनिटं, आणि इतकी वर्षं मी तिकडे फक्त तंबोरे उचलायला गेलो होतो. पटवर्धनांच्या संस्थानात शस्त्रांची कामं करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. तलवारीचं काम आटत होतं, दरबारात गवई येत होते, त्यांचे तंबोरे दुरुस्तीला पडत होते. दुरुस्तीतून घडणावळ आली, आडनावच सतारमेकर झालं, पिढ्या गेल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्यांच्याकडून तंबोरे घ्यायचो त्या दुकानातल्या वाद्यकार चाचांनी माझी दांडी हातात घेतली, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाले, "लाकूड अजून पाणी सोडतंय. तुम्ही घाई केली." माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे उलटे टांगून ठेवले होते, खाली तुनाच्या फळ्या एकमेकींत काड्या घालून रचलेल्या. "हे अजून दोन पावसाळे बघणार, मग हात लावायचा." आमचं बोलणं पुढे जवारीवर गेलं. घोडीचा माथा इतका अल्लाद घासायचा की तार त्यावर टेकत टेकत थरथरावी, मग खाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. त्या जागेवर तार उघडते, तिच्यातले वरचे सगळे उपस्वर मोकळे होतात. मी विचारलं, बिनपडद्याच्या गिटारचा सूरही असाच गुणगुणतो, लाकडावर तार घासत जाते म्हणून, तर हे तेच का? चाचांनी मोबाइलवर मी वाजवलेला तुकडा ऐकला. "जवारीच की ही," म्हणाले, "फक्त घोडीऐवजी बोटाखाली आलीय."

त्या मोबाइलच्या टिचभर स्पीकरातून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडूच शकत नाही. तरी तो आपल्याला ऐकू येतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वरांवरून मूळ सूर कान स्वतः बांधतो. चाचांनी फोनवर बेस ऐकला तो असा.

दुसरी दांडी मी तीन पट्ट्या जोडून केली, मधली उलट्या रेषेची, म्हणजे एक वळायला लागली तर दुसरी तिला धरेल. आता तिने तीन पावसाळे पाहिलेत.

पिकअपही घरीच गुंडाळला. लोहचुंबकाभोवती लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर पोलादी तार थरथरली की त्यात वीज उठते, एवढंच ते तंत्र. आमच्याकडे शेतीपंपांच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकानं गल्लोगल्ली, पण त्यांची तार जाड. इथे लागते ती जेमतेम ०.०६ मिलिमीटरची, श्वास जोरात सोडला तरी हलणारी. ती मागवून घेतली. शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन बसवली आणि वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर उघडला. त्याच्या बरोबरच्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच जोडायचा, फिरत्या चाकावर चुंबक चिकटवायचा, आणि एक अधिक एक करून ठेवायचं. चाक फिरेल तसा आकडा एकेकाने चढत जातो. पहिली गुंडाळी ६,००० वर तुटली. दुसरी ९,००० च्या पुढे गेली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी दार बंद करून पंखा बंद ठेवला होता.

विजेच्या गुणगुणीचा त्रास आपल्या देशात बेसवाल्याला विशेष. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि जाड तारेवरचा तिसरा पडदा ४९ चा. म्हणजे अर्थिंग नीट नसलेल्या स्टेजवर जी घरघर ऐकू येते ती आपल्याच सुराच्या शेजारी येऊन बसते. उपाय फेंडरनीच १९५७ मध्ये काढला: पिकअपचे दोन तुकडे करायचे, दुसऱ्याची गुंडाळी आणि चुंबक दोन्ही उलटे. बाहेरची गुणगुण एकमेकींना मारते, तारेचा सूर तेवढा उरतो. मी तसंच केलं, आणि बॉडीतला खळगा तांब्याच्या पत्र्याने मढवला.

घरात वाजवणं हा आणखी एक धडा. ४१ कंपनांची ध्वनिलहर सव्वाआठ मीटर लांब असते. आमची खोली त्याच्या निम्मीही नाही. त्यामुळे खोलीत बसलेल्या मला जो सूर पोकळ वाटतो, तोच भिंतीपलीकडच्या काकूंच्या कपाटातली भांडी वाजवतो. काकूंनी कधी तक्रार केली नाही, पण मी रात्री आठनंतर हेडफोनच लावतो. 'बेस' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या भिंतीसमोर छाती हादरते, पण सूर कोणता ते सांगता येत नाही. बेसवाल्याचं सगळं काम तर सूर कोणता हे सांगण्याचंच.

सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत बेसवाला असे. पुढे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने आणि आधीच भरून आणलेल्या ट्रॅकने त्याची जागा घेतली. खर्च वाचला, हे मी समजू शकतो. पण त्यात जे गेलं ते मला रोज जाणवतं. बेसवाला तबलजीच्या डग्ग्याकडे डोळा लावून असतो, गायकाने श्वास घेतला की अर्धी मात्रा मागे थांबतो. भरून आणलेला ट्रॅक श्वास बघत नाही. हिंदी चित्रपटांत राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बेस वाजवत, चरणजित सिंगही स्टुडिओतले बेसवादक होते. गाणी सगळ्यांना पाठ, ही नावं फार थोड्यांना. आता ए. आर. रहमान यांच्या संगीतातून कीथ पीटर्स आणि मोहिनी डे यांची नावं तरी तरुणांच्या तोंडी आली. मुंबईत वाढलेल्या मोहिनीचे वडीलही बेसवादक, वाद्य तिला घरातूनच मिळालं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुली तिचं वाजवणं पाहूनच आल्या.

वाद्य पुरं झाल्यावर दांडीवर खुणा करायचं काम राहिलं होतं. पडदे नाहीत, पण डोळ्याला आधार हवा, म्हणून पडद्यांच्या जागी फिक्या लाकडाच्या सुतासारख्या रेषा बसवल्या. १७८.२ वर चौथी रेषा. मग मिरजेला जाऊन चाचांकडून तंबोऱ्याच्या नक्षीत वापरतात तो सेल्युलॉइडचा पांढरा तुकडा मागून आणला, मोहरीएवढा गोल कापला आणि चौथ्या रेषेच्या साडेपाच मिलिमीटर अलीकडे, दांडीच्या कडेला, वाजवताना मलाच दिसेल असा दाबून बसवला.

पुढच्या तालमीला बाई पांढरी सहा लावून बसल्या होत्या. त्याच ओळीला मी बोट त्या ठिपक्यापाशी टेकवलं आणि दोन मात्रा थांबलो. तंबोरा चालू होता. हेलकावे नव्हते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पुढची ओळ उचलली.