बायबलचे वाङ्मयीन वाचन

'बायबल' हे नाव ज्या ग्रीक शब्दापासून आले, त्याचा अर्थच मुळी 'ग्रंथ' असा अनेकवचनी आहे. प्रॉटेस्टंट परंपरेप्रमाणे जुन्या करारातील 39 आणि नव्या करारातील 27 अशा 66 पुस्तकांचा हा संग्रह होय. त्यांत कथा आहेत, कायदे आहेत, वंशावळी, विलापगीते आणि पत्रेही आहेत. गीत आणि कायदा एकाच दृष्टीने वाचणारा दोहोंनाही मुकतो. वाङ्मयीन अभ्यासाचा आरंभ या साध्या विवेकापासून होतो.

हिब्रू काव्याची घडण रॉबर्ट लोथ यांनी ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत उकलून दाखविली. ती 1753 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या काव्यात ओळीचा उत्तरार्ध पूर्वार्धाचाच आशय निराळ्या शब्दांत सांगतो, त्याला छेद देतो किंवा पुढे नेतो. येथे यमक जुळते ते अर्थाचे. म्हणूनच भाषांतरात नाद हरपला, तरी स्तोत्रांचा तोल बराचसा टिकून राहतो.

कथांची कला याहून वेगळी. एरिख आउअरबाख यांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' या ग्रंथात होमरच्या शेजारी 'उत्पत्ती'मधील अब्राहामाची कथा ठेवली. ओडिसियसच्या पायावरील व्रण वृद्ध दाईला दिसताच होमर कथा थांबवून त्या व्रणाचा सारा इतिहास सांगतो. उलट, पुत्राचा बळी देण्यास निघालेल्या अब्राहामाच्या मनात त्या प्रवासात काय चालले होते, याविषयी बायबल एक अक्षरही बोलत नाही. लाकडांचा भार वाहणारा मुलगा कोकराविषयी विचारतो, तेव्हा त्या मौनाचा भार वाचकाच्याही उरावर येतो.

धर्मग्रंथाला केवळ साहित्य मानू नये, असा आक्षेप टी. एस. एलियट यांनी 1935 साली घेतला होता. बायबलचा साहित्यावर प्रभाव पडला तो लोकांनी त्याला ईश्वराचा शब्द मानले म्हणून, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही. परंतु श्रद्धेलाही रूपाची गरज भासते, याचा पुरावा मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक. गोव्यातील श्रद्धावंतांना बायबलची कथा सांगताना त्यांनी ओवी निवडली आणि 10,000 हून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. कथा कोणत्या रूपात सांगितली असता अंतःकरणात उतरेल, हा विचार त्यांना धर्मकार्याबाहेरचा वाटला नाही. वाङ्मयीन वाचन तोच विचार वाचकाच्या बाजूने करते.