मालमोटारीच्या चाकांतील हवा

चैत्र सरून वैशाख लागला, की पिशोरच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याच्या टपरीशी एक वाक्य हमखास कानी पडते : "ऊन फार आहे, हवा जरा कमीच ठेव." ड्रायव्हर बोलतो, पंक्चरवाला मान डोलावतो. हा सल्ला उलटा आहे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

मालमोटारीचे ओझे वाहते कोण? रबर, असे आपण समजतो. वस्तुतः ते वाहते हवा. रबर आणि त्यातील तारांचे जाळे त्या हवेला कोंडून धरते, इतकेच. ड्रायव्हर '110 पौंड हवा' म्हणतो तेव्हा दर चौरस इंचाला 110 पौंड, असा त्याचा अर्थ. एका चाकावर 3 टन, म्हणजे सुमारे 6,600 पौंड भार असेल, तर टायर साधारण 60 चौरस इंच जागेवर टेकतो. दोन पंजे शेजारी शेजारी ठेवावेत, तेवढी ही जागा! हवा 80 पौंडांवर आणली की तोच भार पेलण्यास 80-82 चौरस इंच लागतात. मग टायर बसतो, त्याच्या कडा फुगतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या वाकून पुन्हा सरळ होतात. मोठे चाक किलोमीटरला सुमारे 300 फेरे घेते. पन्नास किलोमीटरांत पंधरा हजार वेळा वाकणे झाले. लोखंडी तार वारंवार वाकवून पाहावी, ती बोटाला चटका देते. टायरचेही तेच होते. आत उष्णता साठते, रबर तारांपासून सुटते आणि टायर फुटतो. आपण दोष देतो उन्हाला!

चालताना तापल्याने हवेचा दाब वाढतो, हे खरे. दहा अंशांना चारेक पौंड वाढतात. परंतु टायर करणाऱ्यांनी ही वाढ हिशेबात धरलेलीच असते. म्हणून दाब मोजावा तो पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, थंड चाकांत. दुपारी ढाब्यावर तापल्या चाकातली हवा सोडणारा स्वतःच्या हाताने रात्रीचा टायर मऊ करून ठेवतो.

तर योग्य दाब कोणता? टायरवर कोरलेला आकडा त्याच्या कमाल भाराचा असतो. आपल्या भाराला कोणता, ते कंपनीच्या कोष्टकात पाहावे लागते. त्यासाठी वजनकाट्यावर पुढची व मागची चाके निरनिराळी तोलावीत. माल मागे असतो म्हणून मागेच जास्त हवा भरण्याची रीत आहे. पण 2018 च्या नियमाप्रमाणे पुढच्या दोन चाकांच्या आसावर 7 टन व मागच्या चार चाकांच्या आसावर 11.5 टन चालतात. भागाकार करून पाहावा : पुढे चाकामागे साडेतीन टन, मागे तीनाच्याही आत. एवढा भार पेलेल असा टायर पुढे आहे की नाही, हेही पाहावे. हवा जास्त भरली तर मधली नक्षी झिजते आणि खड्ड्यातला दगड टायर कापतो. आमच्या रस्त्यांवर हे सांगावयास नकोच.

मागच्या जोडीतील आतला टायर बहुधा उपेक्षित. त्यात हवा कमी असली, की बाहेरचा दोघांचे ओझे ओढतो. टॉमीने ठोकून आवाज ऐकण्यात ड्रायव्हर मंडळी पटाईत. परंतु वीस पौंडांची तूट कानाला कळत नाही, गेजला कळते. घाटाच्या वळणावर मऊ टायर बाजूला कलतो आणि उंच रचलेला ऊस त्याला आणखी कलवतो. मार्च 2025 मध्ये कन्नड-पिशोर रस्त्यावरील घाटात उसाची मालमोटार उलटून तिच्यावर बसलेले ऊसतोड मजूर उसाखाली दबून दगावले. त्याचे कारण हवा होते असे आम्ही म्हणत नाही. कारणे अनेक असतात. मात्र त्या वळणांवरून भरल्या गाड्या आजही जातात, आणि उसावर माणसेही बसतात.

राहता राहिली स्टेपनी. तिची हवा कोणी मोजत नाही, आणि रात्री घाटात जॅक लावल्यावर ती निम्मी निघते. सहा चाके मोजून झाली की सातवेही मोजावे.