पत्र्याच्या पाटीवरची अक्षरे

विहिरीवरची विजेची मोटार आपण रोज पाहता. तिच्या अंगावर पत्र्याची एक लहान पाटी असते. ती आपण कधी वाचली आहे का? आता अक्षरे लागू लागली आहेत, तर एकदा वाचून पाहा. मोटार किती हॉर्सपॉवरची, किती व्होल्टची, किती अँपिअर वीज घेते, तिचा नंबर काय, हे सारे तिथे लिहिलेले असते.

आम्ही जन्मभर मुलांना पाटीवर लिहायला शिकवले. पण ही पाटी मात्र आमच्याच हातून पुसली गेली. त्याचे असे झाले. वैजापूरजवळ आमची थोडी जमीन आहे. त्या साली उन्हाळी कांदा लावला होता. मोटारीचा रंग उडाला होता, म्हणून एका रविवारी आम्ही तिला हिरवा ऑइलपेंट दिला. पाटीसकट! तेही दोन हात. मोटार अगदी नवरीसारखी दिसू लागली.

पुढे स्टार्टर बिघडला. नवा बसवायला वायरमन आला. आमचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, पाटी कुठंय? अँपिअर किती लावू?" आम्ही म्हटलं, "लाव रे अंदाजानं."

तो अंदाज फार महाग पडला. स्टार्टरमध्ये रिले नावाचा एक भाग असतो. मोटार ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू लागली की तो तिला बंद पाडतो. ५ हॉर्सपॉवरच्या थ्री-फेज मोटारीला साधारण ७.५ अँपिअर लागतात. आमचा रिले लागला १४ वर. महिन्याभरात एका रात्री एक फेज गेला. मोटार उरलेल्या दोन फेजवर घुंघुं करीत राहिली, जास्त वीज ओढत राहिली, आणि रिले गप्प बसला. सकाळी गेलो तर जळका वास. मोटार भरून येईपर्यंत बारा दिवस गेले. कांदा काही पोसला नाही. वायरमनला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पाटी आम्हीच झाकली होती.

तेव्हापासून आम्ही पाट्यांकडे लक्ष देऊ लागलो.

पितळेच्या भांड्याला आपण कल्हई का करतो? ताक, आमटी धातूला लागू नये म्हणून. पाटीवरचा लेप म्हणजे तेच. धातू आणि हवा-पाणी यांच्यामधला पडदा. पण कल्हईवाला काय करतो ते आठवा. तो आधी भांडे घासून लख्ख करतो, तापवतो, नवसागर टाकतो, मगच कथील फिरवतो. मळक्या भांड्याला कल्हई धरत नाही. रंगाचेही तसेच आहे. गंजावर रंग फासला तर गंज आतून खातच राहतो, आणि एक दिवस रंगाची खपलीच हातात येते.

आधी पाटीला चुंबक लावून पाहावे. चिकटले तर ती बहुधा लोखंडी. नाही चिकटले, आणि पाटी हलकी व पांढरट असेल, तर ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ कातडी धरते, म्हणून ते लोखंडासारखे सडत नाही. तिथे जपायची ती फक्त अक्षरे. मात्र चुना आणि मोरचूद ॲल्युमिनियमला खातात. दिवाळीत भिंतीला चुना देताना दारावरच्या पाटीवर कापड टाकावे.

लोखंडी पाटी नवी करवून घेणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घ्यावा. जस्ताचा गुण फार मोठा आहे. त्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. साधा रंग असे करीत नाही. फक्त नव्या जस्ती पत्र्यावर ऑइलपेंट नीट धरत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. त्याला खास प्रायमर लागतो, तो दुकानदाराकडे मागावा. साध्या लोखंडाला मात्र काचकागदाने घासून आधी तांबडा रेड ऑक्साईड द्यावा, वाळू द्यावा, मग रंग.

जागाही पाहावी लागते. कोकणात खारा वारा लोखंडाचा शत्रू. आपल्या वैजापूर भागात तो नाही, पण ऊन आहे. लाकडाचे साधे व्हार्निश उन्हात पिवळे पडते आणि तडकते. उन्हाला सगळ्यात पुरून उरतो तो इनॅमलचा लेप. इनॅमलची ताटली आपण पाहिली असेल. लोखंडावर काचेची पूड सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवतात. अशा जुन्या पाट्या अजून वाचता येतात. पण पोराच्या गोफणीचा दगड लागला की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो. (पोरांना पाटीच का दिसते, हे आम्हाला चाळीस वर्षांत कळले नाही.)

मोटारीच्या पाटीला एवढे काही नको. बिनरंगी, पारदर्शक लॅकर पुरते. बाहेरच्या उन्हात टिकणारे मागून घ्यावे. मेन स्विच बंद करावा. पाटी ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून कोरडी करावी. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, छापलेली अक्षरे त्याने निघून जातात. मग मऊ ब्रशने लॅकरचा एक पातळ हात, तो वाळल्यावर दुसरा. कडा आणि स्क्रूची डोकी विसरू नयेत, पाणी तिथूनच शिरते. काही जण चिकटपट्टी लावतात. ती उन्हाने पिवळी पडते आणि खाली ओल धरून ठेवते. मेणही नको, मोटार तापली की ते वितळते.

आणि हे सारे करण्याआधी पाटीवरचा प्रत्येक आकडा वहीत उतरून घ्यावा. भरून आणलेल्या मोटारीचा आकडा आम्ही आता स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावरही आतून रंगाने घातला आहे: ७.५.